नळीतली गोळी आणि हमालाचा खांदा

मिरचीच्या बाजारावर लिहायला पाठवलेल्या माणसाने खांद्यावर लिहून आणले, तर संपादक चिडणारच. पण धर्माबादेत मिरची बघायची म्हणजे पोती बघायची, आणि पोती बघू लागले की नजर ती उचलणाऱ्यांकडे जाते. आडतीवर पन्नाशी ओलांडलेला एक हमाल पोते डाव्याच खांद्यावर घेत होता. उजवा हात त्याने पोटाशी धरून ठेवला होता. विचारले तर म्हणाला, "हात वर न्यायचा म्हटलं की जीव जायलाय. नांदेडला मशीनवर ठोके घ्यायलोय."

कसले ठोके? तिथून माझा मिरचीचा लेख संपला.

धर्माबादची ओळख करून द्यायला चार वाक्ये पुरतात. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचे, नांदेड जिल्ह्याच्या टोकाचे, तेलंगणाला चिकटलेले तालुक्याचे गाव. निजामाच्या राज्यातले, त्यामुळे बाजारात मराठीइतकीच तेलुगू चालते. हद्दीपलीकडे बासरची सरस्वती. लाल मिरची पलीकडून येते, इथे तिचे देठ खुडले जातात, कांडप होते आणि पोती पुन्हा वाटेला लागतात. मिरचीचे पोते गव्हाच्या पोत्यासारखे जड नसते, पण ते फुगीर असते. मानेशी नीट बसत नाही, म्हणून तोल सांभाळायला एक हात सतत वर धरावा लागतो. खांद्याचे दुखणे हमालीत नवे नाही, पण हा वर धरलेला हात त्यात आपली भर घालतो.

ठोके देणारे यंत्र नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये, एका जिन्यावरच्या फिजिओथेरपी केंद्रात भेटले. चालवणारी तरुण मुलगी लातूरला शिकलेली. तिने मला आधी यंत्र दाखवले नाही, हात दाखवला. हात बाजूने वर जाताना साठ अंशांच्या पुढे कुठे दुखायला लागते आणि वर गेल्यावर कुठे थांबते, हे तिने स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून समजावले. तिथे सुप्रास्पायनेटस नावाच्या स्नायूची कंडरा हाडाच्या छपराखालून जाते. माणसे तिला नस म्हणतात. वय, वजन आणि सततचे काम यांनी ती झिजते, सुजते, कधी फाटते. काहींच्या कंडरेत कॅल्शियमची गाठ जमते. ती कुणाला होईल हे ओझ्यावर ठरत नाही. तिशी ते पन्नाशीतल्या, बसून काम करणाऱ्या बायकांत ती बरीच आढळते. ही बारीक गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

मग तिने पिस्तुलासारखी मूठ हातात दिली. अपेक्षेपेक्षा जड. पाइपने एका पेटीला जोडलेली, पेटीत कॉम्प्रेसर. मुठीच्या आत एक सरळ नळी असते आणि नळीत बोटाच्या पेराएवढी पोलादी गोळी. दाबलेली हवा, साधारण 1 ते 4 बार दाबाची, तिला मागून ढकलते. गोळी सेकंदाला 5 ते 25 मीटर वेगाने धावते आणि नळीच्या तोंडाशी बसवलेल्या धातूच्या टोपीवर आदळते. टोपी जागची फारशी हलत नाही. कॅरममध्ये चिकटून ठेवलेल्या सोंगट्यांपैकी पहिलीला स्ट्रायकर लागावा आणि धक्का शेवटचीला पोचावा, तसा गोळीचा धक्का टोपीतून कातडीत उतरतो. हवेचा दाब उलटतो, गोळी मागे येते, पुन्हा धावते. सेकंदाला दहा-पंधरा वेळा. एका बैठकीत 2000 ठोके, म्हणजे सव्वादोन ते साडेतीन मिनिटे. आवाज रस्ता फोडणाऱ्यांच्या यंत्राचा, लहान खोलीत कोंडलेला.

मी ती गोळी बघायला मागितली. तिने सुटे करून ठेवलेले जुने भाग डब्यातून काढले. लाखो ठोक्यांनंतर गोळीचे तोंड चपटे होते, नळीला आतून चरे पडतात, रबरी कडी सैल होतात आणि मग वेग पडतो. पडद्यावर आकडा तोच राहतो, खांद्याला मात्र कमी पोचते. म्हणून कंपनीने ठरवून दिलेल्या ठोक्यांनंतर हे सगळे बदलायचे असते. "पेशंटला कळत नाही. आवाज तर येतच असतो," ती म्हणाली. इतक्या साध्या यंत्राबद्दल मला आधी कौतुक वाटले आणि लगेच थोडी भीतीही. ज्याचा परिणाम दिसत नाही आणि आवाज मात्र मोठा, त्यावर लक्ष कोणी ठेवायचे?

ह्या उपचाराचे नाव शॉकवेव्ह, म्हणजे आघातलहर; पण शास्त्राच्या अंगाने पाहिले तर गोळीच्या ठोक्याला ते नाव सैलच आहे. शरीराच्या मऊ भागात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. 25 मीटरने धावणारी गोळी तिथे खरी आघातलहर उठवू शकत नाही. ती उठवते दाबाची पसरट लाट, कातडीपाशी सर्वांत जोरदार आणि तीन-चार सेंटिमीटर खोल जाईपर्यंत विरत गेलेली. तिला रेडियल म्हणतात. खरी आघातलहर ती, जिच्यात दाब काही नॅनोसेकंदांत हवेच्या दाबाच्या शेकडो पट चढतो. ती पाण्याखालच्या ठिणगीने, विद्युतचुंबकीय पडद्याने किंवा वाडग्यात मांडलेल्या स्फटिकांनी तयार करतात आणि भिंगासारखी एका बिंदूवर आणतात. तिला फोकस्ड म्हणतात. ते यंत्र बरेच महाग. तालुक्या-जिल्ह्याच्या गावांत पोचलेली बहुतेक यंत्रे गोळीची, म्हणजे रेडियल जातीची.

गंमत अशी की सगळ्याचे मूळ पुन्हा एका गोळीतच आहे. जर्मनीतली डॉर्निए ही विमाने बांधणारी कंपनी साठच्या दशकात एका प्रश्नाच्या मागे होती: आवाजापेक्षा वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूला खड्डे का पडतात? प्रयोगात वेगवान गोळ्या लक्ष्यावर मारत. 1966 मध्ये एका कर्मचाऱ्याचा हात नेमका गोळी लागण्याच्या क्षणी त्या लक्ष्याला लागला आणि त्याला विजेचा झटका बसल्यासारखे वाटले. मोजले तर वीज नव्हती. धातूतून आलेली लहर हातात शिरली होती. लहर कातडीला न फाडता शरीरात जाते, हे कळल्यावर पुढचा विचार मूत्रखड्याचा. 7 फेब्रुवारी 1980 रोजी म्युनिकमध्ये ख्रिस्टियन शॉसी यांनी पहिल्यांदा माणसाचा मूत्रखडा बाहेरून फोडला, रुग्णाला पाण्याच्या टबात बुडवून. लहरीच्या वाटेतल्या कमरेच्या हाडाला इजा होते का, हे जनावरांवर तपासताना उलट दिसले की हाड नव्याने भरायला लागते. मग न जुळणारी हाडे, मग टाच, मग खांदा.

हमालाने पहिल्या दिवशी तिला एकच विचारले होते, "मॅडम, करंट बसतो का?" तिने सांगितले, "नाही मामा, करंट नाही. हातोडी आहे." ते ऐकून तो आडवा झाला. डॉर्निएच्या त्या कर्मचाऱ्याला जे मोजून कळले ते याला एका शब्दात कळले.

मी बसलो होतो तेव्हा त्याच्याआधी धर्माबादच्याच एक शिक्षिका आत गेल्या. त्यांच्या एक्स-रेवर कंडरेत पांढरा ठिपका स्पष्ट दिसत होता. उपचाराचा सर्वांत भक्कम पुरावा आहे तो अशाच खांद्यांचा. 2003 मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियातल्या 144 रुग्णांवरचा अभ्यास अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात आला. तीन गटांत वाटणी: जोरदार लहर, सौम्य लहर आणि उपचाराचे नुसते नाटक. सहा महिन्यांनी दोन्ही लहरींच्या गटांत फरक पडला, जोरदार गटात जास्त. पण ती लहर फोकस्ड होती. आणि कॅल्शियमच्या गाठी पुष्कळदा आपोआपही विरघळतात. विरघळतानाच त्या सर्वांत जास्त दुखतात. म्हणजे दुखणे शिगेला पोचल्यावर माणूस यंत्राकडे येतो, थोड्या आठवड्यांत बरा होतो आणि श्रेय गोळीला जाते. नाटकाचा गट नसेल तर हा गोंधळ कधीच सुटत नाही.

हमालाच्या एक्स-रेवर ठिपका नव्हता. सोनोग्राफीत कंडरा जाडसर, एका बाजूने थोडी विरलेली. हमालीतल्या खांद्यांत हेच चित्र जास्त भेटते. आणि इथे पुरावा पातळ होतो. 2020 मध्ये कॉक्रेन या संस्थेने गाठ असलेले आणि नसलेले खांदे मिळून 32 चाचण्या आणि 2281 रुग्ण एकत्र मांडले. दहा गुणांच्या मोजपट्टीवर वेदना नाटकाच्या गटापेक्षा एक गुणही कमी झालेली नव्हती, आणि तेवढा फरक रुग्णाला जाणवण्याच्या हिशेबात बसत नाही. तैवानमध्ये सशांवर केलेल्या प्रयोगांत कंडरा हाडाला मिळते तिथे नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या दिसल्या होत्या, त्यामुळे आशेला आधार आहे. पण सशाच्या कंडरेवरून हमालाच्या खांद्याचा निकाल लावता येत नाही.

हे सगळे त्या मुलीला ठाऊक आहे. म्हणूनच ती मला आवडली. एक्स-रेशिवाय ती मूठ हातात घेत नाही. पोटुशी बाई, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवरचा माणूस, कर्करोगाच्या गाठीचा संशय असलेला खांदा ती परत पाठवते, आणि छातीच्या बाजूला टोपी कधी वळवत नाही, कारण खाली फुप्फुस आहे. साखरेमुळे खांदा आखडलेले पेशंट येतात; त्यांना ती आधी साखर बघायला धाडते. "मशीनसाठी येतात, मी व्यायाम शिकवून पाठवते," असे ती म्हणते, आणि त्यात थोडी तक्रार आहे. व्यायामाचे पैसे द्यायला माणूस कुरकुरतो. आवाज करणाऱ्या यंत्राचे देतो. केंद्राचा हप्ताही त्या यंत्राचाच चालू आहे.

अडचण व्यायामापाशीच आहे. रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून दिवसातून दोनदा ओढायचा, आणि पहिले काही आठवडे डोक्याच्या वर ओझे न्यायचे नाही. शिक्षिका ते करू शकतात. फळ्यावर लिहायला मुलांना बोलावतात. हमालाने काय करावे? त्याची हजेरी पोत्यांवर आहे. एका बैठकीचे पैसे दिवसाच्या हजेरीहून जास्त, वर 70-80 किलोमीटरचा प्रवास आणि बुडालेला दिवस. निजामाबाद जवळ पडते, पण तिथे भाषा येत असली तरी ओळखीचे कोणी नाही, असे तो म्हणाला. यंत्राआधी त्याने हाडवैद्याकडून खांदा चोळून घेतला, मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या खाल्ल्या, एकदा सांध्यात सुई घेतली. सुईने महिनाभर बरे वाटले आणि त्या महिन्यात त्याने दुप्पट पोती उचलली.

खांदा वाचवायचा रस्ता दवाखान्याबाहेरून जातो हे महाराष्ट्रात कुणी ओळखले नव्हते असे नाही. पुण्यात वैद्यकी करणाऱ्या बाबा आढावांनी पन्नासच्या दशकात हमाल पंचायत उभी केली, आणि शंभर किलोचे पोते पन्नासवर आणा ही मागणी तिथून वर्षानुवर्षे लावून धरली गेली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 मध्येच प्रौढ पुरुषासाठी 55 किलोच्या वर ओझे असेल तर ते लवकरात लवकर कमी करावे अशी शिफारस केली. 1969 चा माथाडी कायदा आपल्याच राज्याचा. नोंद असलेल्या हमालाला त्यातून भविष्यनिर्वाह निधी आणि इतर आधार मिळतो. ह्या माणसाची नोंद कुठेच नाही. पोते पन्नासचे झाले तरी त्याच्या उचलण्याला मोजमाप नाही, कारण पोती हलकी झाली की फेऱ्या वाढतात.

तिसऱ्या बैठकीनंतर त्याला रात्री कुशीवर झोपता येऊ लागले. हे यंत्राने झाले, पट्ट्याने झाले की मधल्या काळात आवक कमी होती म्हणून झाले, हे तिने सांगायचे नाकारले. हात मात्र अजून कानाच्या वर जात नाही. पाच बैठका ठरल्या होत्या. जानेवारी उजाडला की नवी मिरची येते, मार्च-एप्रिलपर्यंत दम खायला वेळ नसतो.

"चौथी बैठक पुढच्या आठवड्यात, मामा," ती म्हणाली.

"आता होळीनंतर," तो म्हणाला. "तवर पट्टा ओढतो की."

तिने वहीत त्याच्या नावापुढे होळी लिहिले, आणि जास्तीचा एक पट्टा दिला, पहिला तुटेल म्हणून. त्याचे पैसे लावले नाहीत.