आकाशाचा कान, औंढ्याचं रान

दोस्तांनो, हिंगोली जिल्हा म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? औंढ्याचं नागनाथाचं मंदिर, संत नामदेवांचं नर्सी आणि वसमतची हळद! आता या यादीत आणखी एक नाव घालायला हवं. औंढा नागनाथजवळ दुधाळा नावाचं गाव आहे. तिथल्या सुमारे १७४ एकर जागेवर एक वेधशाळा उभारायची ठरली आहे. तिचं नाव 'लायगो-इंडिया'.

वेधशाळा म्हणजे मोठ्ठी दुर्बीण असणार, असंच वाटलं ना? पण इथे दुर्बीण नाही. ही वेधशाळा आकाशाकडे डोळा लावणार नाही, कान लावणार आहे.

कशाला कान लावायचा? तर गुरुत्वीय लहरींना. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती गरगर फिरत एकमेकांवर आदळली की अवकाशच हादरतं आणि तळ्यात दगड टाकल्यावर उठतात तशा लहरी सगळीकडे पसरतात. आइन्स्टाइननं १९१६ साली हे कागदावर मांडलं. प्रत्यक्ष लहर सापडायला १४ सप्टेंबर २०१५ ही तारीख उजाडावी लागली! अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथल्या दोन लायगो यंत्रांनी ती पकडली. जवळजवळ १३० कोटी वर्षं प्रवास करून ती पृथ्वीवर आली होती.

यंत्राची रचना ऐकण्यासारखी आहे. इंग्रजी 'एल' अक्षरासारख्या दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब. आतली हवा जवळजवळ सगळी काढून टाकलेली. टोकाला चाळीस किलो वजनाचे आरसे काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेले. लेझरचा किरण या आरशांमध्ये सुमारे तीनशे वेळा ये-जा करतो. लहर आली की एक भुजा कणभर लांब होते, दुसरी कणभर आखूड. कणभर म्हणजे किती? अणूच्या पोटातल्या प्रोटॉनपेक्षाही शेकडो पटींनी कमी! आणि हो, चार किलोमीटरमध्ये जमीनसुद्धा पृथ्वीच्या गोलाईमुळे मीटरभर वाकते. म्हणून नळी सरळ राहावी यासाठी खालचं काँक्रीट मुद्दाम तसं ओतावं लागतं.

आता हा विषय घरी जेवताना काढून बघा. ताटं तशीच राहतील आणि वाद सुरू होईल!

पहिला प्रश्न बहुधा आजीच विचारेल, "खर्च किती?" एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं याला सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले, काम २०३० पर्यंत पुरं करायचं ठरवून. चला, वही घ्या. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली तर माणशी साडेअठरा रुपये होतात. एका वडापावाचे पैसे! आता तेच २६०० कोटी फक्त हिंगोली जिल्ह्यात वाटून बघा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात पावणेबारा लाख माणसं होती. म्हणजे प्रत्येकी सुमारे बावीस हजार. मग वाटतंच की, यात किती शाळांना छपरं आली असती, किती वाड्यांना नळ आले असते! आजीचं चुकत नाही. फक्त तिला एवढं विचारा, हे पैसे वाचले असते तर ते हिंगोलीलाच मिळाले असते का?

"याचा उपयोग काय?" असं बाबा विचारतील. यावर मोठी माणसं रेडिओचा दाखला देतात. रेडिओलहरी सापडल्या तेव्हा त्यांचा उपयोग कोणाला माहीत होता, वगैरे. खरं सांगू? मला तो दाखला पुरा पटत नाही. प्रत्येक शोधातून रेडिओ निघतोच असं नाही. या लहरींवर ना दिवा लागेल, ना पंप चालेल. मिळेल ते ज्ञान. आणि यंत्र बांधताना निर्वात नळ्या, लेझर, आरसे यांचं अवघड काम आपल्या माणसांच्या हाती बसेल. पुण्याची 'आयुका', इंदूर आणि गांधीनगरच्या संस्था यात आहेत. अणुऊर्जा विभागही आहे. नाव ऐकून घाबरू नका हं, इथे अणुभट्टी नाही. हे यंत्र नुसतं ऐकतं.

तिसरी शंका हिंगोलीकरच काढू शकतात. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गुडगुड आवाज येतात. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला तर ४.५ तीव्रतेचे भूकंप झाले. मग नेमकी हीच जागा? शंका रास्त आहे. पण अधूनमधून बसणारा धक्का वेगळा आणि रात्रंदिवस चालणारी बारीक थरथर वेगळी. यंत्राला रोज छळते ती दुसरी. मोठ्या धक्क्यानं नुकसान होतंच. २००१ साली अमेरिकेत ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा हॅनफर्डच्या यंत्राची दुरुस्ती करावी लागली होती.

रोजच्या थरथरीसाठी मात्र जागा शांतच हवी. मोठे कारखाने नकोत, जड वाहनांचा राबता नको, जवळून रेल्वे नको. अशा जागा देशभर शोधता शोधता शास्त्रज्ञ दुधाळ्याला आले. आता यातली मेख बघा. जिल्ह्यातल्या तरुणांची तक्रार काय? इथे कारखाने नाहीत, म्हणून पुण्या-मुंबईला जावं लागतं. ज्या गोष्टीची त्यांना खंत, तीच या यंत्राची गरज! उद्या कुणाला जवळच खडी क्रशर टाकायचा असेल तर? रस्ता रुंद होऊन ट्रक वाढले तर? मला वाटतं, २६०० कोटींपेक्षा हा प्रश्न जास्त अवघड आहे. पैसे साऱ्या देशानं भरायचे, पण शांतता सांभाळायची ती एकट्या औंढा परिसरानं.

लिव्हिंगस्टनला असाच पेच पडला होता. ते यंत्र पाइनच्या जंगलात आहे आणि तिथे लाकूडतोडीचा धंदा चालतो. झाडं पडली, अवजड गाड्या फिरल्या की यंत्र बिथरायचं. दिवसा काम अशक्यच होऊन बसलं. पण लाकूडतोड्यांना घरी बसवलं नाही. २००४ साली शास्त्रज्ञांनीच यंत्राखाली नवी व्यवस्था बसवली. जमीन हलली की ती लगेच उलट दिशेनं सावरून घेते. मग दिवसाही काम होऊ लागलं.

हॅनफर्डला तर कावळ्यांनी छळलं! नळीवर जमलेलं बर्फ डोमकावळे चोचीनं टोचायचे, आणि ती टकटक आत नोंदली जायची. शास्त्रज्ञांना आधी कळेचना, हा कुठला तारा फुटला!

दुधाळ्यात बर्फ नाही. पण सोयाबीनची मळणीयंत्रं आहेत, ट्रॅक्टर आहेत, लग्नातले डी.जे. आहेत. तुमचं गाव तिकडचं असेल तर घरच्या मोठ्यांबरोबर ग्रामसभेला जा आणि साध्या मराठीत विचारा. यातलं काय, किती अंतरावर चालेल? बोअर मारता येईल का? आणि आमच्या शाळेला आत जाऊन बघता येईल का?