ऑनलाइन धर्मादाय लिलाव : बोलींच्या क्रमाचा प्रश्न

सॅन फ्रान्सिस्को येथील ग्लाइड या सेवासंस्थेच्या साहाय्यार्थ उद्योगपती वॉरन बफे यांच्यासमवेत भोजन करण्याचा मान २००० साली प्रथम लिलावास काढण्यात आला. २००३ पासून हा लिलाव ईबे या संकेतस्थळावर होऊ लागला. २०२२ साली त्यातील विजयी बोली १ कोटी ९० लक्ष डॉलरांहून किंचित अधिक होती. अशी रक्कम केवळ औदार्याने उभी राहत नाही. आपली बोली यथाक्रम नोंदली गेली, असा विश्वास बोली लावणाऱ्यास असावा लागतो. सभागृहात तो विश्वास पुकारणाऱ्याच्या हातोड्याने मिळतो. वेब ॲप्लिकेशनमध्ये हातोड्याचे कार्य प्रणालीच्या रचनेने करावयाचे असते.

मुख्य अडचण आहे ती एकाच क्षणी येणाऱ्या बोलींची. समजा, एखाद्या चित्रावर ५,००० रुपयांची बोली चालू असताना एकाने ६,००० व दुसऱ्याने ५,५०० रुपयांची बोली एकाच वेळी पाठविली. प्रणाली प्रथम चालू बोली वाचते, नंतर तुलना करते व शेवटी नवी बोली नोंदते. दोहोंच्या वाचनात ५,००० हाच आकडा आल्यास दोन्ही बोली ग्राह्य ठरतात. आणि ५,५०० ची नोंद मागाहून झाली, तर ती ६,००० ची नोंद पुसून टाकते. अधिक देणारा हरतो व संस्थेचे ५०० रुपये बुडतात.

यावर उपाय असा की, वाचन, तुलना व नोंद या तिन्ही क्रिया डेटाबेसमध्ये एकच अविभाज्य व्यवहार म्हणून घडवाव्या. पहिला व्यवहार पुरा होईपर्यंत त्या वस्तूची नोंद कुलूपबंद राहते. दुसऱ्यास ताजा आकडा वाचावा लागतो आणि अपुरी बोली आपोआप नाकारली जाते. शिवाय जुनी बोली कधीही पुसू नये. रोजकीर्दीप्रमाणे प्रत्येक बोलीची स्वतंत्र नोंद ठेवावी, म्हणजे तंटा उद्भवल्यास पुरावा उपलब्ध होतो.

दुसरा प्रश्न समाप्तीच्या वेळेचा. ही वेळ बोली लावणाऱ्याच्या घड्याळावरून नव्हे, तर सर्व्हरच्या घड्याळावरून ठरवावी. रॉथ व ओकेनफेल्स यांनी २००२ साली दाखवून दिले की, ईबेप्रमाणे समाप्ती निश्चित असल्यास अखेरच्या क्षणी बोलींची झुंबड उडते. ॲमेझॉनच्या तत्कालीन लिलावांत अखेरीस बोली आल्यास मुदत वाढत असे, तेथे हा प्रकार पुष्कळच कमी आढळला. धर्मादाय लिलावाचा हेतू अधिकाधिक निधी उभारणे हा असल्याने मुदतवाढीचा नियमच त्यास अनुरूप होय. कारण त्यामुळे प्रत्येक इच्छुक दात्यास उत्तर देण्यास अवसर मिळतो.

सारांश, अशा प्रणालीची कसोटी तिच्या बाह्य रूपात नसून एकाच क्षणी शेकडो बोली आल्या असता सर्वांत मोठी बोली टिकते की नाही, यात आहे. लिलाव खुला करण्यापूर्वी हा प्रयोग अवश्य करून पाहावा.