सरासरी दीड सेकंद, पण थांबलं कोण?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, की वेबसाइट वेगवान आहे हे ठरवायचं कसं? आमच्या डॅशबोर्डवर तर सरासरी रिस्पॉन्स टाइम चांगला दिसतो.

आता मी एक हिशेब सांगतो, कागद-पेन घ्या हवं तर. 100 रिक्वेस्ट आल्या. 90 जणांना पान 0.2 सेकंदात मिळालं, 10 जणांना 12 सेकंद लागले. सरासरी येते 1.38 सेकंद. ठीकच वाटतं ना? पण 1.38 सेकंद थांबलेला माणूस या शंभरात एकही नाही! आणि जे 12 सेकंद थांबले, त्यांतले बरेच तोवर निघून गेले असणार. जेकब निल्सन यांनी 1993 मध्येच लिहून ठेवलंय, की साधारण 10 सेकंदांपुढे माणसाचं लक्ष टिकत नाही.

यावर उपाय म्हणून अ‍ॅपडेक्स नावाचं मोजमाप आलं. कल्पना पीटर सेव्हसिक यांची. सेकंद मोजण्याऐवजी माणसं मोजायची. आधी एक मर्यादा ठरवायची, तिला टी म्हणतात. टीच्या आत उत्तर मिळालं तर माणूस समाधानी. टीपासून टीच्या चौपटीपर्यंत लागलं तर तो सोसतोय. त्याच्याही पुढे गेलं की वैतागला. समाधानी लोकांना पूर्ण गुण, सोसणाऱ्यांना अर्धा, वैतागलेल्यांना शून्य. बेरजेला एकूण संख्येने भागा, 0 ते 1 मधला आकडा मिळतो. 0.94 आणि वर म्हणजे उत्तम, 0.85 ते 0.93 चांगलं, अशी श्रेणीही ठरलेली आहे.

यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे एररचा नियम. सर्व्हर कोसळला की एररचं पान बहुधा झटक्यात येतं. सरासरीला ते आवडतं, आकडा सुधारतो! अ‍ॅपडेक्समध्ये मात्र सर्व्हरची एरर थेट वैतागलेल्यांत जाते, कितीही चटकन आली तरी.

पण आता गंमत बघा. आपल्या त्या शंभर रिक्वेस्टना टी 0.5 सेकंद लावा. न्यू रेलिकमध्ये सर्व्हरच्या मोजणीसाठी आपोआप तेवढीच मिळते. चौपट म्हणजे 2 सेकंद, त्यामुळे ते 10 जण वैतागलेले. गुण 0.90, म्हणजे 'चांगलं'. आता कोणीतरी टी 3 सेकंद केली. चौपट झाली 12. तेच 10 जण एकदम 'सोसणारे' झाले, गुण 0.95, शेरा 'उत्तम'. कोडची एक ओळ बदललेली नाही!

म्हणून कुठल्याही टीमने अ‍ॅपडेक्स दाखवला की मी आधी विचारतो, टी किती, आणि ती ठरवली कोणी? सगळ्या अ‍ॅपला एकच टी हे तर मला पटतच नाही. सर्चच्या खोक्यात अक्षर टाइप करणारा माणूस एक सेकंदही थांबायला तयार नसतो. वर्षभराचा रिपोर्ट काढणारा चहा आणायला जातो. शक्य तिथे दोघांची टी वेगळी ठेवा, आणि ती वापरणाऱ्याकडे बघून ठरवा. सध्या सर्व्हरला किती वेळ लागतो ते बघून ठरवलीत तर पास होणारच की.

दुसरा प्रश्न, वैतागलेले किती? 75 समाधानी आणि 25 वैतागलेले, गुण 0.75. 50 समाधानी, 50 सोसणारे, तरी 0.75. पहिल्या ठिकाणी काहीतरी मोडलंय, दुसऱ्या ठिकाणी सगळंच जरा संथ आहे. दुरुस्ती दोन्हीकडे वेगळी, त्यामुळे तिन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवाच.

आणि हो, मोजता कुठे तेही बघा. सर्व्हरवरची मोजणी उत्तर पाठवलं की थांबते. गाडी घाटात असताना रेंज गेलेल्या फोनवर पान कधी उघडलं, हे तिला कळत नाही. त्यासाठी ब्राउझरमधूनच मोजावं लागतं, आणि तिथली टीही वेगळी लागते. ती कशी ठरवायची, ते पुढच्या भागात. तोवर तुमच्या डॅशबोर्डची टी किती निघाली, ते कळवा मला.