घेवड्यावर पडलेला रोग कसा ओळखावा?

घेवड्याची पाने बिघडली की आपण सरळ दुकान गाठतो आणि "घेवड्यावर रोग पडलाय, औषध द्या" म्हणतो. दुकानदार तरी काय करणार? हाताशी असेल ती बाटली देतो. पैसे जातात, झाड मात्र सुकतच राहते. घेवड्याचे रोग अनेक आहेत आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. म्हणून आधी पान उलटून पाहावे, शेंग पाहावी आणि एखादे झाड मुळासकट उपटून पाहावे.

तांबेरा ओळखणे सोपे. पानाच्या खालच्या बाजूला बारीक फोड येतात. त्यावर बोट घासले की गंजासारखी तांबूस पूड बोटाला लागते. पांढरी, पिठासारखी पूड असेल तर ती भुरी. पाऊस सरून कोरडी हवा पडली की ती येते. या दोन्हींवर सुरुवातीलाच पाण्यात मिसळणारे गंधक फवारावे. मात्र भर उन्हात फवारू नये, पाने करपतात.

खरा घात करतो तो करपा. आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या थंड, झडीच्या पावसात तो झपाट्याने पसरतो. पानामागच्या शिरा विटकरी, मग काळपट होतात. शेंगेवर गोल, खोलगट, काळसर डाग पडतात आणि दमट हवेत त्यांच्या मध्यभागी गुलाबी चिकटा दिसतो. पुष्कळजण मिस्सा आटोपल्यावर दाखवायला नुसते पान घेऊन येतात. शेंगही आणावी, करप्याची खरी खूण तिच्यावरच असते. हा रोग पावसाच्या शिंतोड्यांनी आणि आपल्या ओल्या कपड्यांनीही पसरतो. म्हणून पाने ओली असताना वाफ्यात शिरू नये, तोडणी तर मुळीच करू नये.

पानावर गडद आणि फिकट हिरवे ठिपके मिसळलेले, पान आक्रसलेले व खाली वळलेले दिसले, तर तो मोझॅक. यावर औषध नाही. असे झाड उपटून टाकावे आणि मावा आवरावा, कारण तोच हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. झाड उभेच्या उभे कोमेजले आणि उपटल्यावर मूळ तांबूस, कुजलेले निघाले, तर पानांवर फवारून काही उपयोग नाही. पाण्याचा निचरा करावा आणि पुढची दोन-तीन वर्षे त्या जागी घेवडा लावू नये.

करपा आणि मोझॅक दोन्ही बियाण्यातून येतात. आपल्याकडे चांगल्या शेंगा बाजारात जातात आणि डागाळलेल्या, न खपणाऱ्या शेंगा वेलावर राखून त्यांचेच बी धरतात. म्हणजे पुढच्या वर्षीचा रोग आपणच डब्यात भरून ठेवतो! बी शक्यतो हिवाळी पिकाचे, निरोगी झाडे आधीच खूण करून त्यांचेच धरावे. डागाचा दाणा वेगळा काढावा. पेरताना किलोला 4 ते 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे.

एक गोष्ट घरातल्या बायकांनीही ध्यानात ठेवावी. घेवडा दर तीन-चार दिवसांनी तोडला जातो, म्हणून फवारल्यावर पुडीवर लिहिलेले दिवस उलटेपर्यंत शेंग घरातही शिजवू नये आणि बाजारातही नेऊ नये. विषारी औषध लावलेले बी पेरून उरले, तर धुऊनसुद्धा आमटीत घालू नये. कोंबड्यांनाही टाकू नये.