डिकीत दोन सबवूफर : दणका दुप्पट होतो का?

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. नवी मोटार दारात आली की काही दिवसांतच मूळ स्पीकरचा आवाज अपुरा वाटू लागतो आणि डिकीत सबवूफर बसविण्याचे बेत सुरू होतात. एकाने समाधान झाले नाही की दुसराही येतो. मात्र दोन सबवूफर म्हणजे दुप्पट दणका, हे गणित तितके सरळ नाही. दुसऱ्या सबवूफरला पहिल्याइतकीच वीज स्वतंत्रपणे मिळाली, तरी वाढ होते ती सुमारे ६ डेसिबलची. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल लागतात. त्यातच जोडणी चुकली, तर दोघांचा आवाज एकापेक्षाही कमी भरतो आणि तारांची निवड चुकली, तर प्रश्न आवाजाचा न राहता आगीचा होतो.

पडदे एकाच तालात हवेत

५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळपास ७ मीटर, म्हणजे अख्ख्या मोटारीहून अधिक असते. त्यामुळे खर्जाचा स्वर नेमका कोठून येतो, हे कानाला सहसा उमगत नाही. डाव्या-उजव्या जागेपेक्षा महत्त्वाचे असते ते दोन्ही पडदे एकाच क्षणी पुढे आणि एकाच क्षणी मागे सरकणे. एकाच्या धन-ऋण तारा उलट जोडल्या गेल्या, तर एक हवा ढकलत असताना दुसरा ती ओढतो आणि खर्ज विरून जातो.

याची तपासणी सोपी आहे. अॅम्प्लिफायरची तार काढून सबवूफरच्या टोकांना १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावावा. धनाला धन जुळले असेल, तर पडदा बाहेर येतो. दोन्ही सबवूफर एकाच मापाचे व बनावटीचे असावेत, त्यांची तोंडे एकाच दिशेला असावीत आणि खोक्यात मध्ये फळी घालून प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा द्यावा. सेदानमध्ये तोंडे मागच्या बाजूस ठेवल्यास बहुधा चांगला परिणाम मिळतो. जड खोके मात्र पक्के आवळलेले हवे. जोराचा ब्रेक लागल्यास ते मागच्या सीटवर आदळू शकते.

ओहमचा हिशेब

४ ओहमचे दोन सबवूफर समांतर जोडले, तर एकूण रोध २ ओहम होतो. एकसर जोडले, तर ८ ओहम. रोध निम्मा झाला की अॅम्प्लिफायरमधून दुप्पट प्रवाह खेचला जातो. प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइल असलेले दोन सबवूफर घेतल्यास आणि चारही कॉइल समांतर जोडल्यास रोध १ ओहमवर येतो. प्रत्येकाच्या दोन कॉइल एकसर आणि मग दोन्ही सबवूफर समांतर जोडल्यास तो ४ ओहम राहतो. अॅम्प्लिफायर किती ओहमपर्यंत चालतो, हे त्याच्या माहितीपत्रकात दिलेले असते. त्याखाली गेल्यास तो तापतो, बंद पडतो किंवा जळतो.

फ्यूज बॅटरीपाशीच

५०० वॉटचा अॅम्प्लिफायर पूर्ण जोरात १४ व्होल्टवर ४५ ते ५० अँपिअर ओढू शकतो. दोन्ही हॅलोजन हेडलाइट मिळून ओढतात ते सुमारे १० अँपिअर. एवढा भार बारीक तारेला पेलत नाही. जाड तांब्याची तार थेट बॅटरीपासून आणावी आणि धन टोकापासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज बसवावा. फ्यूज अॅम्प्लिफायरजवळ बसवला, तर मधली सारी तार असुरक्षित राहते. इंजिनामागील पत्र्यातून तार आत येते, तेथे रबरी बुश नसल्यास पत्र्याची धार आवरण कापते आणि शॉर्ट सर्किट होते. ऋण तारही तितकीच जाड आणि आखूड असावी. रंग खरवडून ती उघड्या पत्र्यावर घट्ट बसवावी.

शहरांतील अनेक मोटारींच्या डिकीत सीएनजीची टाकी असते. अशा ठिकाणी टाकीला वा नळीला खेटून तारा नेणे किंवा आंधळेपणाने भोके पाडणे म्हणजे संकटाला आमंत्रणच. तेथे दोन सबवूफरचा मोह टाळून सीटखाली मावणारा एकच छोटा सबवूफर घेणे शहाणपणाचे.

सबवूफर निवडण्यात ग्राहक तासन्‌तास घालवतात. तारा आणि फ्यूज मात्र कारागिरावर सोपवून मोकळे होतात. गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडून बॅटरीजवळचा फ्यूज स्वतः पाहावा, एवढी काळजी तरी प्रत्येकाला घेता येईल.