तालखेळ-यंत्रांतील ध्वनी-चित्र विसंगती : निदान व उपाय

प्रस्तावना : कोनामी या जपानी कंपनीने १९९७ मध्ये ‘बीटमेनिया’ हे तालखेळ-यंत्र आणले. पडद्यावरील खूण रेषेवर येताच कळ दाबावयाची व त्याच क्षणी स्वर उमटावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. चित्र ध्वनीच्या मागे पडल्यास तालाचा पक्का खेळाडूही बेताल ठरतो.

कारणमीमांसा : पिक्चर ट्यूबचा पडदा संकेत येताच चित्र रेखाटीत असे. त्याच्या जागी बसविलेले अनेक एलसीडी पडदे चित्र साठवून, त्यावर प्रक्रिया करून मग दाखवितात. सेकंदाला ६० चित्रे धरल्यास तीन चित्रांचा विलंब ५० मिलिसेकंद होतो.

निदान : सेकंदाला २४० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने बोट व पडदा यांचे एकत्र चित्रण करावे. कळ दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत १८ चित्रे गेल्यास विलंब ७५ मिलिसेकंद असतो. त्यानंतर कळेचा खटका व स्वर यांचे एकत्र ध्वनिमुद्रण करावे. त्यांतील अंतर २५ मिलिसेकंद आढळल्यास चित्र ध्वनीपेक्षा ५० मिलिसेकंद मागे आहे, असे सिद्ध होते.

उपाय : प्रथम पडद्यावरील चित्रसुधारणेच्या प्रक्रिया बंद कराव्यात, उरलेले स्थिर अंतर यंत्राच्या वेळ-जुळणीने भरून काढावे. मात्र गाणे पुढे सरकेल तसे अंतर वाढत असेल, तर ही जुळणी निरुपयोगी ठरते. तेथे चित्राची गती ध्वनीच्या घड्याळाशीच बांधावी लागते.

निष्कर्ष : विक्रोळीतील एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहात प्रोजेक्टरवर वक्त्याचे ओठ व शब्द जुळत नसतील, तर तेथेही हेच सूत्र लागू पडते : आधी मोजमाप, मग दुरुस्ती.