वाक्य थांबते कुठे?

दर शनिवारी गुरुजी आम्हां चौथीच्या मुलांना दुसरीच्या मुलांजवळ बसवतात. त्यांना वाक्ये शिकवायची. मला वाटले, यात काय शिकवायचे? बोलता तर सगळ्यांनाच येते. पण लिहायला बसली की पोरे सगळी वाक्ये एकाच दोरीत ओवतात. 'आणि मग, आणि मग' करत पाटी भरते पण टिंब काही पडत नाही.

म्हणून आधी आम्ही पुठ्ठ्याचे तुकडे केले. एकावर 'गाय', एकावर 'कडबा', एकावर 'खाते'. मुले ते जुळवतात. कुणी 'खाते गाय कडबा' असेही लावतो. बोलताना आपण तसे म्हणतोच की! पण लिहिताना क्रियापद बहुतेक शेवटी येते. ते आले की बघायचे, सांगणे पुरे झाले का? झाले तर पूर्णविराम.

मग मी फळ्यावर एकच वाक्य तीनदा लिहिते.

बाबा आले.
बाबा आले?
बाबा आले!

अक्षरे तीच. पहिले नुसते सांगणे, ते विधानार्थी. दुसरे विचारणे, ते प्रश्नार्थी. तिसरे ऐकून तर मुले उड्याच मारतात, ते उद्गारार्थी. तोंडाने बोलताना आवाज चढतो, उतरतो, म्हणून कळते. कागदाला आवाज नाही, म्हणून चिन्हे लागतात. 'दार लाव.' हे आज्ञार्थी. त्याला पूर्णविराम पुरतो. ओरडून सांगायचे असेल तरच उद्गारचिन्ह.

'का' हा शब्द मात्र लई खोडकर आहे. 'तुम्ही आलात का?' म्हटले तर पाहुणा हसतो. 'तुम्ही का आलात?' म्हटले तर रागावून परत जाईल. दोन्हींकडे प्रश्नचिन्हच, पण 'का' ची जागा बदलली की प्रश्नच बदलतो.

पूर्वी मराठीत अशी चिन्हे नव्हती. पोथीत उभे दंड असत. मोडीत तर आधी वर रेघ ओढायची आणि खाली शब्दसुद्धा न तोडता लिहीत जायचे. गुरुजींनी मोडी कागदाचे चित्र दाखवले, तेव्हा कुठे थांबावे तेच कळेना. मेजर थॉमस कँडी या इंग्रज साहेबांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' हे पुस्तक लिहिले, ते १८५० साली निघाले. तेव्हापासून ही चिन्हे मराठीत रुळत गेली.

माझा भाऊ दुसरीत आहे. आईबाबा ऊसतोडीला गेले की आम्ही आजीजवळ राहतो. बाबांचा फोन बिघडला होता, म्हणून त्याने मुकादमाबरोबर द्यायला चिठ्ठी लिहिली. 'आजी बरी नाही खोकला आता तुम्ही पाडव्याला का येणार'. आजीचा खोकला तर गेला होता! पण बाबांनी 'आजी बरी नाही' असे वाचले असते, तर काम टाकून धावत आले असते. उचल घेतलेली, खाडा पडला की पैसे कापतात.

मी त्याला पुसायला लावले नाही. म्हटले, तूच वाचून दाखव. तो 'बरी'पाशी थांबला. म्हटले, थांबलास ना, तिथेच टिंब दे. मग चिठ्ठी अशी झाली: 'आजी बरी. नाही खोकला आता. तुम्ही पाडव्याला येणार का?' शेवटचा 'का' त्याने आपणहून हलवला.

आता तिसरी-चौथीच्या मुलांसाठी एक कोडे. दुसऱ्याचे बोलणे जसेच्या तसे लिहिले की त्याला दुहेरी अवतरणचिन्ह देतात, हे तुम्हांला माहीत आहे. तर हे वाक्य घ्या: आई म्हणाली ताई चुकली. यात चुकली कोण? आई की ताई? चिन्हे बदलून दोन्ही उत्तरे येतात. दोन्ही वाक्ये चिठ्ठीवर लिहून शनिवारी माझ्याकडे द्या.